मीटर कुणाचं चालू आहे?

सकाळी ६

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. कुठे पाणी बंद, कुठे वीज. आमच्या भागात आज दहा ते चार लाइट नाही, असा निरोप काल रात्रीच सोसायटीच्या ग्रुपवर आला आहे. म्हणजे कॉम्प्युटरवरचं काम दहाच्या आत उरकायला हवं. तरीही पहिला तास कामाचा नाही, हातांचा आहे.

माझी खोली दहा बाय बाराची. एका भिंतीला ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो, दुसऱ्या भिंतीला टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि तळहातापेक्षा थोडेच मोठे असे दोन-तीन सिंथ, म्हणजे सिंथेसायझर. पियानो हे घरातलं सगळ्यात महाग वाद्य. ते मी आवाजासाठी घेतलं नाही. त्यातला आवाज मला फारसा आवडतही नाही. मी पैसे मोजले ते पट्ट्यांचे. त्यांना वजन आहे, आत हातोडीची यंत्रणा आहे, आणि हळू ते जोरात यांच्या मधल्या सगळ्या पायऱ्या त्या ओळखतात. अगदी स्वस्त कीबोर्डच्या लेखी पट्टी एक तर दाबलेली असते किंवा नसते. बोट कसंही पडलं तरी सूर तेवढ्याच जोराचा. अशा कीबोर्डवर वर्षभर अलंकार घोटले की बोटांनाही तेच वळण लागतं, आणि पुढे चांगलं वाद्य समोर आलं तरी त्यांना हळुवार वाजवता येत नाही.

छोट्या सिंथच्या अरुंद पट्ट्यांची तऱ्हा वेगळी. तिथे सप्तकच आखडतं. सकाळी पूर्ण मापाच्या पट्ट्यांवर हात फिरला नाही, तर रात्री स्टेजवर मध्य षड्जावरून तार षड्जावरची उडी एखाद्या पट्टीने चुकते. म्हणून हेडफोन लावून, शेजाऱ्यांची झोप न मोडता, सात वाजेपर्यंत अलंकार. मग दोन हातांत दोन वेगळे ठेके.

सकाळी ७.३०

आजचं पहिलं काम एका कॉलेजच्या एकांकिकेचं. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेचे दिवस जवळ आले की शहरातल्या प्रत्येक कीबोर्डवाल्याकडे कुणी ना कुणी पार्श्वसंगीत मागायला येतंच. मानधन म्हणजे पेट्रोल आणि मिसळ. गोष्ट घडते १९८७ साली, एका चाळीत. दिग्दर्शन करणारी मुलगी म्हणाली होती, "दादा, शेजारच्या खोलीत टीव्ही लागलाय असं वाटलं पाहिजे. पण टीव्ही कुठेच दाखवायचा नाहीये."

म्हणजे तो किणकिणता इलेक्ट्रिक पियानो हवा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातलं जे काही आपल्या कानात राहिलं आहे, त्यात हा आवाज जागोजागी भेटतो. त्याचं घर म्हणजे यामाहाचा डीएक्स-७. हा सिंथ १९८३ साली आला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत १,९९५ डॉलर होती. त्याच्या पोटातली युक्ती जॉन चाउनिंग यांना १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सापडली होती. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंप्रता फार वेगाने हलवली की मुळात नसलेले उपस्वर तयार होतात, आणि साध्या लहरींतून घंटा, पितळ, काच असे आवाज निघू लागतात. यामाहाने ही युक्ती परवाना घेऊन वापरली. लहरी काढणारे सहा ऑपरेटर, ते जोडायच्या ३२ रचना, एका वेळी १६ सूर.

आज तोच सगळा कारभार डेक्स्ड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतो. डीएक्स-७ साठी त्या काळी लोकांनी बनवलेल्या आवाजांच्या फाइलीसुद्धा त्यात भरता येतात. शेजारी सर्ज एक्सटी आहे, तोही मोफत. व्हायटलचीही मोफत आवृत्ती आहे. १९८३ मध्ये दोन हजार डॉलर मोजून जे मिळत होतं, ते आज जुन्या लॅपटॉपवर मिळतं, आणि आवाजात उणं काढायला फारशी जागा नसते.

एक गोष्ट मात्र फुकट मिळत नाही. डीएक्स-७ वर नवा आवाज घडवणं तेव्हाही किचकट होतं. एक छोटा पडदा, ढीगभर आकडे, आणि कुठला आकडा हलवला की काय होईल याचा पटकन अंदाज येत नाही. बहुतेक वादक कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवत राहिले. डेक्स्डमध्येही तो किचकटपणा जसाच्या तसा आहे. मी चौथ्या ऑपरेटरशी खेळत बसतो, आवाज बिघडतो, पुन्हा जागेवर आणतो. साडेनऊपर्यंत टीव्हीचं संगीत तयार होतं. ते भिंतीपलीकडून यावं म्हणून वरचे सूर फिल्टरने कापतो.

दोन तास गेले. चालतं, कारण रिक्षाच्या भाषेत सांगायचं तर सकाळी माझ्याच घरी, माझंच मीटर चालू असतं. ज्याचं मीटर त्याला घाई नाही, तिथे फुकटातलं वाद्य राजा.

सकाळी १०

पंखा थांबतो. लाइट गेली.

आता कोर्गचा व्होल्का कीज बाहेर निघतो. व्होल्का मालिका २०१३ साली आली. सहा पेन्सिल सेलवर चालते, अंगातच बारका स्पीकर आहे, पट्ट्यांच्या जागी बोट टेकवायची पट्टी आहे. तिला जोर कळत नाही. मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना द्यायचे हुकूम, आत घ्यायला जागा आहे, बाहेर द्यायला नाही. आवाज बाहेर काढायला फक्त हेडफोनचं भोक. कंपनीने जिथे जिथे पैसा वाचवला, ती प्रत्येक जागा दिसते. पण आतला आवाज खराखुरा ॲनालॉग आहे, आणि वर फिरवायला भरपूर नॉब आहेत.

या यंत्रातून एका वेळी तीनच सूर निघतात. एकांकिकेच्या शेवटच्या प्रसंगाला मला चार सुरांची कॉर्ड हवी आहे. तिथे ठरवावं लागतं, कुणाला वगळायचं. पंचम पहिला जातो. त्याच्या असण्या-नसण्याने कॉर्डची जात बदलत नाही. गंधार आणि निषाद राहिले की कॉर्डचा जीव राहतो. षड्ज खालच्या सुरात दिला की झालं. सोळा सूर हाताशी असते तर मी सोळाही वाजवले असते आणि नटीचं वाक्य त्याखाली बुडालं असतं. तीन सुरांत तिला बोलायला जागा राहते. वाद्यमेळ शिकवणारे गुरुजी नेहमी सांगतात की वाजवण्याइतकंच सोडणं महत्त्वाचं. हे यंत्र तेच सक्तीने शिकवतं.

स्वस्त यंत्राच्या मर्यादेतून अख्खा संगीतप्रकार पालटल्याचंही उदाहरण आहे. कॅसिओने १९८१ साली एमटी-४० नावाचा घरगुती कीबोर्ड काढला. त्यात भरलेले ठेके हिरोको ओकुदा या नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणीने रचले होते. त्यातलाच एक, 'रॉक' नावाचा ठेका, जमैकात पोहोचला. १९८५ साली वेन स्मिथ हा गायक आणि निर्माता किंग जॅमी यांनी त्याची गती कमी करून त्यावर 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं उभं केलं. ते इतकं गाजलं की जमैकाच्या स्टुडिओंमध्ये बेस गिटार आणि ड्रम वाजवणाऱ्यांच्या जागी यंत्रं आली. दिवाणखान्यात मुलांनी वाजवावा म्हणून केलेला कीबोर्ड, आणि त्याने एका बेटाचं संगीत वळवलं. महागड्या यंत्राची तिथे गरजच पडली नाही. कारण ठेका आयता होता आणि तो कुठे लावायचा हे ऐकणाऱ्याला कळलं होतं.

सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरमध्ये शेवटचा प्रसंग भरून घेतो. मागे थोडी सरसर येते. १९८७ च्या चाळीला ती शोभते.

सकाळी ११.४५

तपकीर गल्ली. बुधवार पेठेतल्या या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं जे मिळत नाही ते पुण्यात मिळत नाही, असं आम्ही मानतो. मला अडॅप्टर हवा आहे.

"काका, नऊ व्होल्ट, किमान एक अँपिअर. मध्ये धन."

"मध्ये धन की मध्ये ऋण, बघून बोला. मागच्या आठवड्यात एकजण पेडल जाळून आला."

काकांचं बरोबर आहे. अडॅप्टरची पिन सारखी दिसते, पण काही कंपन्या मधल्या टोकाला धन ठेवतात, काही ऋण. गिटारच्या पेडलला सहसा मध्ये ऋण लागतं. व्होल्काला मध्ये धन. उलटं लावलं तर आतली सर्किटं जाऊ शकतात. आणि पिन बरोबर असूनही अगदी स्वस्त अडॅप्टर लावला, तर त्याच्या आतल्या स्विचिंगची बारीक शिट्टी थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. मग त्या यंत्राला लोक नावं ठेवतात, आणि दोष असतो विजेचा. स्वस्त सिंथला चांगला अडॅप्टर आणि चांगली वायर मिळाली की निम्म्या तक्रारी मिटतात. इथे मी घासाघीस करत नाही. काकांनाही ते माहीत आहे, म्हणून तेही भाव पाडत नाहीत.

एकपर्यंत घरी. ऑर्केस्ट्राचा टेम्पो रात्रीचा मुख्य कीबोर्ड आणि स्टँड उचलून नेतो. भाजी-पोळी उभ्याउभ्याच.

दुपारी २

एरंडवण्यातला एक मोठा स्टुडिओ. इथे मला दर तासाचे पैसे मिळतात, आणि स्टुडिओला निर्माता दर तासाचे पैसे देतो. जाड काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला आहे, कोचावर संगीतकार, त्याच्या शेजारी निर्मात्याचा माणूस, जो दर थोड्या वेळाने मोबाइलवर वेळ बघतो. गाणं मराठी मालिकेचं शीर्षकगीत. तबला आणि गायिकेचा आवाज आधीच भरून झाला आहे.

माझ्यासमोर प्रॉफेट-५ आहे, २०२० साली पुन्हा काढलेली चौथी आवृत्ती. आपल्याकडे येईपर्यंत तिची किंमत तीन लाखांच्या पुढे जाते. मूळ प्रॉफेट-५ डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीने १९७८ साली काढला. एका वेळी एकाहून जास्त सूर वाजवणारा आणि नॉबच्या सगळ्या जागा लक्षात ठेवणारा तो पहिलाच सिंथ. त्याआधी एक आवाज जमवला आणि दुसऱ्या गाण्याला वेगळा लागला, की वादक नॉबच्या जागा कागदावर लिहून ठेवत. तीन लाखांत इथे फक्त पाच सूर एका वेळी मिळतात. माझ्या लॅपटॉपवर कितीही. कारण इथे प्रत्येक सुराला स्वतःचं ॲनालॉग सर्किट आहे. सूर वाढवायचे तर सर्किटं वाढतात, सर्किटं वाढली की किंमत वाढते. बाकी पैसा कुठे गेला ते बोटांना कळतं. पट्ट्या इटलीतल्या फॅटार कंपनीच्या, जोर ओळखणाऱ्या, आणि दाबल्यावर आणखी दाबलं तर तेही ओळखणाऱ्या. प्रत्येक कामाला एक नॉब.

संगीतकार म्हणतो, "अंतऱ्याला जरा अंधार हवा. एवढा नको, थोडा कमी."

माझा हात फिल्टरच्या नॉबवर आहे. अर्धा वळसा, पाव वळसा परत. "हां, हाच. थांब तिथेच." काही सेकंदांचं काम. हेच मी डेक्स्डमध्ये केलं असतं तर, "एक मिनिट सर, शोधतो" म्हणत माउसने चार पानं उघडली असती, आणि तोवर त्याच्या कानातला अंधार निघून गेला असता. तबला आणि गाण्याच्या खाली, मिक्स झाल्यावर, घरी ऐकणाऱ्या माणसाला हा प्रॉफेट आहे की फुकट सॉफ्टवेअर, हे सांगता येणार नाही. मलाही येईल याची खात्री नाही. पण या खोलीत दुसऱ्याचं मीटर चालू आहे. महाग सिंथ इथे विकत घेतला आहे तो संगीतकाराच्या शब्दाला तिथल्या तिथे उत्तर देता यावं म्हणून. घेणाऱ्याने ते पैसे तासांवर वसूल केले आहेत.

प्रॉफेटच्या शेजारी बेहरिंगरचा मॉडेल डी ठेवला आहे, १९७० साली मूगने काढलेल्या मिनीमूगची आजची स्वस्त नक्कल. सत्तरच्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला, तेव्हा अशी वस्तू घरात असणं ही बहुतेक वादकांना न झेपणारी गोष्ट होती. त्याच्याही आधी, १९६९ साली, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगची मोठी यंत्रणा बसवली होती. ती तर एखाद्या संस्थेलाच परवडणारी. रॉबर्ट मूग यांच्या प्रसिद्ध फिल्टरचं पेटंट १९६९ चं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे १७ वर्षांनी, म्हणजे १९८६ साली, ते संपलं. त्यानंतर ते सर्किट कुणालाही बनवता येऊ लागलं. यंत्राने सोल्डर केलेले बारीक भाग, मोठा कारखाना, संपलेलं पेटंट: एवढ्या तीन गोष्टींनी लाखाचं वाद्य हजारांत आलं. आज गाण्याचा बेस मी याच नकलेवर वाजवतो. संगीतकाराला कुठलं यंत्र आहे हे विचारायचीही गरज वाटत नाही.

दोन्ही यंत्रं एकाच मिडी वायरने जोडलेली आहेत. १९८३ च्या जानेवारीत एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ या पाच पिनांच्या वायरने पहिल्यांदा जाहीरपणे बोलले. डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी ही पद्धत पुढे आणली आणि वापरणाऱ्यांकडून तिचे पैसे घेतले नाहीत. म्हणून आजही अगदी स्वस्त बटणांचा डबा तीन लाखांच्या सिंथला हुकूम देऊ शकतो.

सव्वाचारला सही, पाकीट, बाहेर.

संध्याकाळी ५

कोथरूडला विद्यार्थ्याचं घर. मुलगा नववीत. त्याच्या वडिलांना आज निर्णय घ्यायचा आहे.

"सर, गणपतीच्या आधी घ्यायचा म्हणतोय. दुकानदार म्हणाला, हा घ्या, यात सहाशे आवाज आहेत. दुसऱ्यात दोनशेच. पण दुसरा महाग. हे काय गणित?"

"सहाशेतले किती वाजवणार तो?" मी विचारतो.

मुलगा हसतो. "चार, सर."

मग मी वडिलांना जे सांगतो ते इथेही सांगतो. पट्ट्या पूर्ण मापाच्या आणि ६१ हव्यात. जोर ओळखणाऱ्या हव्यात. दुकानात एकच पट्टी हळू आणि जोरात दाबून बघायची, आवाजात फरक पडला नाही तर पुढे जायचं. सूर वाकवायचं चाक हवं, कारण आपल्या गाण्यात मींड नसेल तर निम्मं गाणं गेलं. सस्टेन पेडल लावायला मागे भोक हवं. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता आला पाहिजे, म्हणजे पुढे आवाज मोफत सॉफ्टवेअरमधून घेता येतील. या पाच गोष्टी असतील तर आवाज दोनशे असोत की सहाशे, काही बिघडत नाही. वडील ते वहीत लिहून घेतात. मग आम्ही तासभर यमन वाजवतो, एकाच आवाजावर.

संध्याकाळी ६.१५

यशवंतराव चव्हाण नाट्यगृह इथून जवळ, पण कर्वे रस्त्याचा भरवसा नाही. रिक्षात हेडफोन. आज चरणजीत सिंग.

हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे हे वादक १९८२ साली मुंबईत तीन यंत्रं घेऊन बसले आणि त्यांनी दहा रागांचा एक अल्बम केला: भैरवी, ललत, भूपाळी, मेघमल्हार, कलावती आणि आणखी पाच, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. एचएमव्हीने तो काढला, फारसा चालला नाही. २०१० साली तो पुन्हा निघाला तेव्हा परदेशातले जाणकार चक्रावले. शिकागोत पुढे 'ॲसिड हाउस' म्हणून जे नृत्यसंगीत गाजलं, त्याच्यासारखं काहीतरी पाच वर्षं आधी मुंबईत झालं होतं. २०१५ साली चरणजीत सिंग गेले, पण तोवर त्यांना युरोपात कार्यक्रमांची बोलावणी आली होती.

मला त्यातली यंत्रांची निवड महत्त्वाची वाटते. तिन्ही रोलँडची. ज्युपिटर-८ तेव्हाच्या सगळ्यात महाग सिंथपैकी एक, अमेरिकेत पाच हजार डॉलरच्या वर. टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र मधल्या किमतीचं. आणि टीबी-३०३ फक्त ३९५ डॉलरचा, एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेला. ज्युपिटर रागाची सुरावट वाजवतो, पण अल्बम लक्षात राहतो तो ३०३ मुळे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची खोड रागाच्या मींडेला आयती मिळाली. बाजारात ३०३ आपटला, १९८४ साली बंद झाला, आणि जुन्या बाजारात मातीमोल झाला. म्हणून तो शिकागोतल्या पैसे नसलेल्या पोरांना परवडला. १९८७ साली 'फ्यूचर' या त्रिकुटाने त्याच्यावर 'ॲसिड ट्रॅक्स' वाजवलं. मग मागणी इतकी वाढली की आज जुना ३०३ लाखांत जातो, आणि त्याचीही स्वस्त नक्कल निघाली आहे. स्वस्त आणि महाग हे त्या यंत्राच्या आयुष्यातले टप्पे आहेत. आतलं सर्किट तेच आहे.

संध्याकाळी ६.४५

साउंड चेक. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, नऊ वादक, चार गायक. आमच्या ऑर्केस्ट्रावाल्यांमध्ये रोलँडचा एक्सपीएस-१० फार दिसतो, माझ्याकडेही तोच. वजनाला हलका, एका माणसाने उचलावा असा, फार महागही नाही. स्टुडिओवाले याच्याकडे बघणार नाहीत. मी मात्र रात्री याच्यावाचून पाऊल टाकत नाही.

कारण कामाचं स्वरूप. मूळ गाण्यात चाळीस वादक होते, इथे त्यातल्या तिसाच्या जागी मी आहे. एका गाण्यात ॲकॉर्डियन, मग व्हायोलिनचा ताफा, मध्ये सतार, शेवटी बासरी. डाव्या हातात एक आवाज, उजव्यात दुसरा. गायकाने आयत्या वेळी "आज काळी दोन नको, पांढरी एक करा" म्हटलं तर तेही. सगळे आवाज गाण्यांच्या क्रमाने लावून ठेवलेले. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक एक शेर म्हणतो तेवढ्यात पुढचं बटण.

व्होल्का मी स्टेजवर आणत नाही. हेडफोनच्या बारीक पिनेवर, कुणाचाही पाय लागेल अशा वायरीवर, आठशे-नऊशे माणसांसमोर विसंबायचं नाही. त्याऐवजी घरी व्होल्कावर केलेले आवाज पेनड्राइव्हने या कीबोर्डमध्ये भरतो. तशी सोय यात आहे. ऐंशीच्या दशकातल्या एका डिस्को गाण्याचा बेस म्हणजे खरं तर सेलवर चालणाऱ्या यंत्राचा आवाज, पण वाजतो भरवशाच्या पट्ट्यांवरून.

चाचणीत घुंई येते. साउंडवाला मान वर करतो. कीबोर्ड आणि साउंड सिस्टिमच्या मध्ये बसणाऱ्या डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण मी दाबतो, घुंई बंद. हा डबा कार्यक्रमाच्या जाहिरातीत कधी दिसत नाही, पण माझ्या पिशवीतून कधी बाहेर राहत नाही.

रात्री ९

पडदा. आता तिसरंच मीटर चालू आहे, प्रेक्षकांचं. त्यांना आवाज ॲनालॉग आहे की डिजिटल याच्याशी देणंघेणं नाही. त्यांना आरंभीचा पीस दोन सुरांत ओळखू यायला हवा, आणि तो वेळेवर यायला हवा. तिसऱ्या गाण्याला गायिका ठरलेल्या जागेच्या एक आवर्तन आधीच उठते. तबलजी माझ्याकडे बघतो, मी मधला पीस गाळतो आणि थेट अंतऱ्याच्या आवाजाचं बटण दाबतो. बटण दाबल्याक्षणी आवाज बदलला, मागचा सूर न तुटता. या एका गोष्टीसाठी मी हे वाद्य बाळगतो. टाळ्या गायिकेला मिळतात, तशा त्या मिळायलाच हव्यात.

रात्री १२.१५

टेम्पोत सामान चढलं. वायरी गुंडाळून, टोकं बांधून. उद्या एकांकिकेची तालीम आहे; दिग्दर्शिकेला फाइल पाठवून ठेवतो.

लोक मला विचारतात, चांगलं संगीत करायला महाग सिंथ लागतो का? आवाजापुरतं बोलायचं तर आता लागत नाही. हा वाद संपला आहे. पैसे मोजायचे ते वेळेसाठी. घरी तुमचं स्वतःचं मीटर चालू असेल तर मोफत सॉफ्टवेअर, एक छोटा सिंथ आणि चांगल्या पट्ट्या पुरतात. दुसऱ्याचं मीटर चालू असेल तर हाताशी नॉब असलेलं वाद्य आपली किंमत वसूल करतं. आणि ते तुमचंच असावं असंही नाही, स्टुडिओचं चालतं. प्रेक्षक बसलेले असतील तर जे यंत्र कधी अडत नाही तेच सगळ्यात चांगलं. तेव्हा दुकानात जायच्या आधी आपल्या आठवड्याचे तास कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे लिहा, या तासाला मीटर कुणाचं. जिथे सगळ्यात जास्त तास पडतील, तिथलं वाद्य घ्या. उरलेल्या पैशांत उत्तम अडॅप्टर, दोन चांगल्या वायरी आणि एक डीआय बॉक्स घ्या.